शेरखानच्या तोंडी मराठी माणसाचा आवाज कसा बसला

1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ लागायचं, तेव्हा पुण्याच्या कर्वेनगरात काय किंवा चंद्रपुरात काय, घराघरांतली मुलं टीव्हीपुढून हलायची नाहीत. मोगली लाडका होताच, पण शेरखान बोलायला लागला की मोठी माणसंही हातातलं काम ठेवून बघायची. तो हिंदी आवाज नाना पाटेकरांचा होता. चित्रं मात्र जपानमधली, ‘निप्पॉन अ‍ॅनिमेशन’ या स्टुडिओत जपानी संवादांसाठी काढलेली. ही 52 भागांची मालिका जपानमध्ये ऑक्टोबर 1989 ते ऑक्टोबर 1990 या काळात दाखवली गेली. जपानी वाघाच्या तोंडी हिंदी इतकी चपखल कशी बसली, हे समजून घ्यायचं तर आधी चित्रांकडे जावं लागतं.

चित्रपटाच्या फिल्मवर एका सेकंदात 24 चौकटी पळतात. 22 मिनिटांच्या भागाच्या होतात 31,680. प्रत्येक चौकटीसाठी वेगळं चित्र काढायचं म्हटलं, तर आठवड्याला एक भाग कुठल्याच स्टुडिओच्या हातून होणार नाही. 1963 साली ओसामू तेझुका यांनी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दूरचित्रवाणीवर आणताना काटकसरीची जी रीत रुळवली, तीच पुढे जपानी मालिकांची रीत झाली. एकच चित्र तीन चौकटी दाखवायचं, म्हणजे सेकंदाला फार तर 8 चित्रं लागतात. पात्र नुसतं बोलत उभं असेल तर तेवढीही नाहीत. धड एका पारदर्शक तावावर, ज्याला सेल म्हणतात, आणि तोंड दुसऱ्या सेलवर. धड तसंच ठेवायचं आणि तोंडाची सेल तेवढी बदलायची. मागे कागदावर रंगवलेलं जंगल, त्यावर या सेल एकावर एक, आणि वरून खाली रोखलेला कॅमेरा. सेलवर पात्राची रेघ पुढच्या बाजूला असे आणि रंग मागच्या बाजूने भरत, म्हणून रेघ कुठेही झाकली जात नसे.

तोंडाच्या या सेल साधारणपणे तीनच असत: मिटलेलं, अर्धवट उघडं आणि पूर्ण उघडं. डिस्नेच्या स्टुडिओत नटांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रकार ते ऐकून एकेका उच्चाराचे ओठ काढतो. जपानमध्ये बहुधा उलटा क्रम असतो. चित्रं आधी आणि आवाज नंतर. नट पडद्याकडे बघत, तोंड उघडलं की बोलतो आणि मिटलं की थांबतो. म्हणजे मूळ जपानी शेरखानसुद्धा एका अर्थी ‘डब’ केलेलाच होता. ते तोंड कुठल्याच भाषेच्या उच्चारांना बांधलेलं नव्हतं, बांधलेलं होतं ते फक्त वेळेला. माझ्या मते हिंदी इतकी सहज बसली त्याचं अर्धं श्रेय या काटकसरीला जातं.

उरलेलं अर्धं श्रेय संवाद उतरवणाऱ्याचं, आणि त्याच्या कामाकडे आपण जवळून बघतच नाही.

उदाहरणापुरतं एक वाक्य मराठीतच करून बघू. शेरखानचं तोंड दोन सेकंद हलतं, म्हणजे 48 चौकटी, आणि मध्ये क्षणभर मिटतं. अर्थ असा की माणसाचं पिल्लू माझ्या ताब्यात द्या. पहिला खर्डा होईल, ‘हे पोर माझं आहे, ते माझ्या हवाली करा.’ ही 15 अक्षरं झाली. भराभर म्हटली तर दोन सेकंदांत मावतील, पण मग शेरखानचा दरारा गेला; घाईने बोलणाऱ्या वाघाला कोण भिणार? म्हणून कात्री लावायची: ‘पोर माझं आहे. द्या मला.’ आता 9 अक्षरं झाली आणि मधल्या पूर्णविरामाला तोंड मिटायची जागा मिळाली. शिवाय प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. ओठ मिटल्याशिवाय ते उमटत नाहीत. वाक्य ‘पो’ने सुरू होतं, त्यामुळे मिटलेलं तोंड उघडण्याचा क्षण नेमका साधतो. कॅमेरा लांब असेल तर एवढी चिकित्सा लागत नाही. चेहरा पडदाभर असेल तेव्हा मात्र एक ‘म’ चुकीच्या जागी पडला तरी, नेमकं काय खटकलं हे सांगता न येता, बघणाऱ्याचा विश्वास उडतो. जपानी वाक्यातही क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, त्यामुळे जोर देण्याच्या आणि थांबण्याच्या जागा पुष्कळदा आपोआप जुळतात.

पुढचा टप्पा डबिंगच्या खोलीतला. परदेशी विकायच्या मालिकेचा आवाज दोन भागांत दिला जातो: संवाद वेगळे, संगीत आणि इतर ध्वनी वेगळे. नव्या भाषेत संवादांची पट्टी तेवढी बदलतात; पाऊस, पानांची सळसळ, पार्श्वसंगीत मूळचंच राहतं. संवादांच्या पट्टीबरोबर एक गोष्ट हमखास जाते, ती म्हणजे श्वास. धाप, हुंकार, कण्हणं, उडी मारतानाचा ‘हं’, हे सगळं नव्या कलाकाराला पुन्हा द्यावं लागतं. पूर्वी फिल्मचा छोटा तुकडा टोकाला टोक जोडून फिरवत ठेवत आणि मनासारखं जमेपर्यंत नट तेच वाक्य म्हणत राही. त्या तुकड्याला लूप म्हणत. तंत्र बदललं तरी हा शब्द डबिंगवाल्यांच्या तोंडी टिकून आहे.

शीर्षकगीताला यातलं कुठलंच बंधन नसतं, कारण तिथे कुणाचे ओठ जुळवायचे नसतात. म्हणून तिथे भाषांतराच्या वाटेला न जाता गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी नवंच गाणं केलं. जपानी मालिकेला आपल्या मातीचा वास आला तो तिथून.

माती मुळात इथलीच होती, हेही सांगायला हवं. मूळ गोष्टी लिहिणाऱ्या रडयार्ड किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाला. त्याचे वडील तिथे शिकवत. नाना पाटेकर शिकले ते जे. जे. उपयोजित कला संस्थेत, त्याच आवारात. मोगलीच्या गोष्टी किपलिंगने अमेरिकेत व्हरमाँटला बसून लिहिल्या, पण त्यांतलं जंगल सिवनीचं आणि नदी वैनगंगा, जी पुढे आपल्या भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतून वाहते. जपानी मंडळींनी त्या जंगलात किची नावाचा लाल पांडाही आणला. हा प्राणी पूर्व हिमालयातला, सिवनीत तो सापडणार नाही. मुलांनी मात्र त्याला बिनतक्रार आपलं म्हटलं.

कर्वेनगरात ही सगळी कारागिरी पोचायची ती सिंहगडावरून. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झालं. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून सहक्षेपणाचा मनोरा समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरहून उंच असलेल्या गडावर. कर्वेनगर तिथून सरळ रेषेत सुमारे 15 किलोमीटर. गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड नैऋत्येला, गडाकडे केलं की चित्र स्वच्छ दिसायचं.

आता हे भाग पुन्हा बघायला मिळाले, तर घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि शेरखानचा एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा. तीन तोंडं मोजू द्या, मिटण्याच्या जागा हेरू द्या, त्या वेळात मावेल असं वाक्य त्यांनाच मराठीत करू द्या. मग आवाज सुरू करा. आणि मुलांच्या मालिका मराठीत आणणाऱ्या वाहिन्यांना माझी विनंती आहे: संवाद उतरवणाऱ्यांची आणि आवाज देणाऱ्यांची नावं प्रत्येक भागाच्या शेवटी, वाचता येतील इतका वेळ दाखवा.