आर, जाळी आणि सात पानं

सकाळी 6. एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बसगाड्यांनी बोईसर जागं व्हायच्या आत मी खळ शिजवायला ठेवते. अर्धी वाटी मैदा, अडीच वाट्या पाणी, मंद आच, आणि डाव थांबवायचा नाही. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडे लागत नाहीत. पण माझं पुस्तक पोरांच्या तोंडात जाणार, तेव्हा मोरचूद नाही. किडे लागले तर लागोत.

7 वाजता रात्रीचे पुठ्ठे वजनाखालून काढले. सातांपैकी दोन पापडासारखे वळलेले. समुद्राच्या दमट हवेला बोल लावायचा मोह होतो, पण घाई माझीच. एका बाजूला कापड चिकटवलं, दुसरी बाजू कोरडी सोडली. ओलं कापड सुकताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. आता मागच्या बाजूला खळ लावून कागद डकवला, वर पाटा ठेवला.

पुस्तक भोवऱ्याचं. अक्षर एकही नाही, बोटांनी वाचायचं. ज्याला सांगावं तो एकच सुचवतो: पानावर चकती लाव, मधे टिचबटण मार, पोरं गरगर फिरवतील. फिरवतील की! पण ती भिंगरी झाली. भोवऱ्यातला निम्मा जीव जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळण्यात असतो. खालच्या टोकाच्या आरीपासून सुरुवात, वेढ्याला वेढा लागून, एकावर एक चढू न देता पोटापर्यंत. सैल गुंडाळली की भोवरा आडवा पडतो. हे ज्या पुस्तकात हाताला करता येत नाही, ते भोवऱ्याचं पुस्तक नव्हे, असं माझं मत; हट्ट म्हणा. म्हणून चौथ्या पानावर अर्धा कापलेला लाकडी भोवरा डकवलाय आणि खालच्या भोकातून जाळीचं टोक बाहेर काढलंय. अर्ध्याच भोवऱ्याला मागून दोरी कशी फिरवायची? तेवढ्यासाठी त्याच्यामागे पुठ्ठा कोरून खिडकी केली. दोन आठवडे या खिडकीत गेले.

साडेआठला परातीत रांगोळी चाळून पसरली आणि तीत भोवरा सोडला. पहिल्यांदा उभा फिरत होता तेव्हा आरीने एकाच जागी खळगा पाडला. वेग ओसरला तसा डुलायला लागला, आणि रांगोळीत वेटोळी उमटली, आधी लहान, मग मोठी, शेवटी पोट टेकल्याची एक लांब फरपट. सहावं पान सापडलं! ट्रेसिंग कागद हलकेच धरून रेघ उतरवली, कार्डावर उलटी ठेवली आणि मागून दाभणाने टोचत गेले. समोरून बोट फिरवलं की भोवरा मरताना हाताला कळतो. मोजले नाहीत, पण चारशेच्या वर टोचे असतील. अंगठ्याची साल गेली.

11 वाजता शेअर रिक्षा बदलत मासवणच्या वाटेवरच्या एका पाड्यावर. अंगणवाडीच्या सेविका म्हणाल्या, "ताई, आज फक्त नऊच पोरं आलीत." नऊ पुष्कळ. चार वर्षांच्या एका मुलीने तिसऱ्या पानावर, जिथे मी सुतळी गोल गोल डकवलीय, बाहेरून आत बोट नेलं आणि म्हणाली, "तारपा!" मी गुंडाळलेली जाळी काढली होती; तिला एकमेकांच्या कमरेला हात घालून तारपावाल्याभोवती वळत जाणारी नाचाची साखळी दिसली. वारली भिंतीवर तीच असते. मी दुरुस्ती केली नाही.

परतताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवत राहतात. 1945 साली त्यांनी याच जिल्ह्यात, बोर्डीला, ग्रामीण पोरांसाठी काम सुरू केलं, 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. चिंचोके, शिंपले, खडे, माती यांनी भागवलं. इटलीच्या ब्रुनो मुनारीने 1980 मध्ये लाकूड, कापड, प्लॅस्टिक वापरून 10 सेंटिमीटरची बारा बिनशब्दांची पुस्तकं काढली, त्यांचं डिझाइनवाले फार कौतुक करतात. करावंच. पण कोसबाड घरापासून इतकं जवळ असताना मला मुनारीचं नाव आधी कळलं, याची लाज वाटते.

दुपारी 3. सेविकाबाईंनी दाखवलेली चूक: पुस्तक मिटत नाही. शेवटच्या पानाच्या कापडी खिशात खरा भोवरा ठेवायचा, त्याच्या फुगवट्याने पानं फाकतात. उपाय एकच, आधीच्या पाच पुठ्ठ्यांना कोपऱ्यात एकाखाली एक भोकं पाडून भोवऱ्याला विहीर करायची. कटर बोथट, पाती तीन मोडली. संध्याकाळपर्यंत दुसरं काही झालं नाही.

रात्री 9. खिसा रिकामाच आहे. सकाळी त्या मुलीनेच भोवरा उपसला, पुस्तक तिथेच उघडं टाकलं आणि सगळी पोरं तिच्यामागे अंगणात. भोवरा परत आलाच नाही. खिशाला दोरीने बांधून टाकावा म्हणून सुतळी कापलीही होती. पुन्हा गुंडाळून ठेवली. उद्या बाजारातून आणखी चार भोवरे आणायचे.