अधिशोषण गतिकी

अधिशोषण गतिकी म्हणजे द्रावणातील किंवा वायूतील एखादा पदार्थ घन पदार्थाच्या पृष्ठभागावर किती वेगाने जमा होतो, हा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो आणि तो गणिती समीकरणांनी कसा मांडता येतो, यांचा अभ्यास होय. ज्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर ही क्रिया घडते त्यास अधिशोषक आणि जो पदार्थ तेथे जमा होतो त्यास अधिशोष्य म्हणतात. कापड उद्योगाच्या सांडपाण्यातील रंगद्रव्ये काढणे, पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण, साखरेच्या पाकाचे विरंजन आणि विषबाधेवरील उपचार अशा अनेक ठिकाणी या अभ्यासाचा उपयोग होतो.

अधिशोषण आणि शोषण या दोन क्रिया भिन्न आहेत. स्पंज पाणी शोषतो तेव्हा पाणी त्याच्या अंतर्भागात सर्वत्र शिरते. अधिशोषणात मात्र अधिशोष्याचे रेणू केवळ पृष्ठभागाला चिकटतात. सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सामान्यतः ५०० ते १,५०० चौरस मीटर असते. त्यामुळे 'केवळ पृष्ठभाग' ही मर्यादा प्रत्यक्षात फारशी जाणवत नाही. मात्र यातील बहुतेक पृष्ठभाग कणाच्या आतील अरुंद रंध्रांत दडलेला असतो. तेथवर पोहोचण्यास रेणूला वेळ लागतो, आणि गतिकीचा मुख्य प्रश्न येथूनच सुरू होतो.

इतिहास

कोळसा वायू धरून ठेवतो, हे कार्ल विल्हेल्म शील यांनी १७७३ मध्ये आणि फेलिचे फोंताना यांनी १७७७ मध्ये प्रयोगांनी दाखविले. १७८५ मध्ये टोबियास लोविट्झ यांना सेंट पीटर्सबर्ग येथे टार्टारिक आम्लाची द्रावणे कोळशामुळे रंगहीन होतात असे आढळले. द्रावणातील अधिशोषणाचे हे आरंभीचे निरीक्षण मानले जाते. अधिशोषण या अर्थाची स्वतंत्र संज्ञा १८८१ मध्ये हाइनरिख कायझर यांनी रूढ केली.

या सर्व कामांत 'किती' हा प्रश्न होता; 'किती वेगाने' हा प्रश्न समीकरणात मांडला तो स्वीडिश रसायनज्ञ लागरग्रेन यांनी १८९८ मध्ये. त्यांनी ऑक्झॅलिक व मॅलोनिक ही आम्ले कोळशावर कशी जमा होतात याचा अभ्यास केला. त्यांचे समीकरण आजही वापरात आहे. पुढे १९१० च्या दशकात अर्विंग लँगम्युअर यांनी पृष्ठभागावर ठराविक संख्येच्या जागा असतात आणि रेणूंचे चिकटणे व सुटणे एकाच वेळी चालते, ही कल्पना मांडून गतिकी आणि समतोल यांची सांगड घातली.

क्रियेचे टप्पे

पाण्यात विरघळलेला रंगद्रव्याचा रेणू कोळशाच्या कणावर स्थिरावेपर्यंत चार टप्प्यांतून जातो. प्रथम तो द्रावणाच्या मुख्य भागातून कणाजवळ येतो. कणाभोवती जवळजवळ स्थिर अशा द्रवाचा एक पातळ थर असतो. तो थर रेणू विसरणाने ओलांडतो. तिसऱ्या टप्प्यात तो रंध्रांतून आत सरकतो, आणि अखेरीस एखाद्या रिकाम्या जागी चिकटतो. यांपैकी जो टप्पा सर्वांत मंद, तो संपूर्ण क्रियेचा वेग ठरवितो. ढवळलेल्या द्रावणात पहिला टप्पा नगण्य ठरतो. भौतिक अधिशोषणात शेवटचा टप्पाही बहुधा फार जलद असतो. त्यामुळे वेग ठरविण्याचे काम सामान्यतः थरातील विसरण किंवा रंध्रांतील विसरण यांच्याकडे येते.

कोणता टप्पा मंद आहे हे साध्या प्रयोगांनी ताडून पाहता येते. ढवळण्याचा वेग वाढविताच अधिशोषणही जलद झाले, तर बाहेरील थराचा अडथळा महत्त्वाचा आहे, कारण ढवळल्याने तो थर पातळ होतो. ढवळण्याने काहीच फरक पडत नसेल, पण कण बारीक केल्याने वेग वाढत असेल, तर अडथळा कणाच्या आत असण्याचा संभव अधिक. रंध्रांतील विसरणास लागणारा काळ कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १ मिलिमीटर व्यासाच्या दाण्याला लागणारा काळ त्याच कोळशाच्या ०.०५ मिलिमीटर व्यासाच्या भुकटीला लागणाऱ्या काळाच्या सुमारे ४०० पट असतो. दोन्हींची अंतिम धारणक्षमता जवळपास सारखीच असूनही हा फरक पडतो.

आणखी एक उद्बोधक कसोटी खंडित प्रयोगाची आहे. अधिशोषण अर्धवट झाले असता अधिशोषक काही काळ द्रावणातून बाहेर काढून ठेवतात आणि पुन्हा त्यात सोडतात. त्यानंतर वेग खंडापूर्वीच्या वेगापेक्षा अधिक आढळला, तर खंडाच्या काळात कणाच्या कडेला साचलेले रेणू आत सरकले असा अर्थ होतो, म्हणजेच अंतर्गत विसरण मंद होते. ही कसोटी जुनी, स्वस्त आणि विश्वासार्ह असूनही अलीकडच्या संशोधनलेखांत ती क्वचितच दिसते.

मापन

प्रयोगशाळेत मिथिलिन ब्लू हे रंगद्रव्य या कामासाठी सर्वाधिक वापरले जाते. १८७६ मध्ये हाइनरिख कारो यांनी ते प्रथम तयार केले. पाण्यात त्याचा धन आयन होतो आणि सुमारे ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे तो प्रखर शोषण करतो, म्हणून वर्णपटप्रकाशमापकाने त्याची संहती सहज मोजता येते. ठराविक संहतीच्या द्रावणात वजन केलेला अधिशोषक टाकून मिश्रण स्थिर तापमानास हलवत ठेवतात. ठराविक मिनिटांनी थोडे द्रावण काढून, त्यातील कण वेगळे करून उरलेली संहती मोजतात. अधिशोषकाच्या दर ग्रॅमवर जमा झालेल्या वस्तुमानास येथे 'भार' म्हटले आहे; तो पुढीलप्रमाणे काढतात :

भार = (आरंभीची संहती − उरलेली संहती) × द्रावणाचे घनफळ ÷ अधिशोषकाचे वस्तुमान

उदाहरणार्थ, लिटरला १०० मिलिग्रॅम संहतीच्या १०० मिलिलिटर द्रावणात ०.१ ग्रॅम कोळसा टाकला आणि शेवटी लिटरला २० मिलिग्रॅम रंगद्रव्य उरले, तर समतोल भार ग्रॅमला ८० मिलिग्रॅम इतका येतो.

या मापनात काही फसव्या जागा आहेत. मिथिलिन ब्लू काचेला चिकटते, आणि गाळणकागदातील सेल्युलोजलाही चिकटते. त्यामुळे नमुना कागदातून गाळल्यास कागदाने टिपलेला रंगही अधिशोषकाच्या नावावर जमा होतो. हे टाळण्यासाठी कण अपकेंद्रित्राने वेगळे करतात आणि अधिशोषकाविना एक कोरा प्रयोगही करतात. संहती जास्त असल्यास या रंगद्रव्याचे रेणू जोड्यांनी एकत्र येतात आणि प्रकाशशोषण व संहती यांचे सरळ प्रमाण मोडते. म्हणून मापनापूर्वी नमुना पुरेसा विरल करावा लागतो.

वेगसमीकरणे

लागरग्रेन यांच्या समीकरणास आभासी प्रथम कोटीचे समीकरण म्हणतात :

भारवाढीचा वेग = क१ × (समतोल भार − तत्कालीन भार)

यानुसार उरलेली तूट जितकी अधिक तितका वेग अधिक, आणि तूट घातांकी रीतीने घटत जाते. 'आभासी' हे विशेषण अशासाठी की ही कोटी द्रावणातील संहतीच्या नव्हे, तर अधिशोषकाच्या उरलेल्या क्षमतेच्या संदर्भात घेतलेली असते.

आभासी द्वितीय कोटीच्या समीकरणात वेग तुटीच्या वर्गाशी जोडलेला असतो :

भारवाढीचा वेग = क२ × (समतोल भार − तत्कालीन भार)²

या स्वरूपाचे समीकरण १९८४ मध्ये ब्लँशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइटवरील जड धातूंसाठी वापरले होते. हो व मॅके यांच्या १९९९ मधील लेखानंतर त्याचा सर्वत्र प्रसार झाला. तो लेख या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक आहे.

दोन समीकरणांतील फरक आरंभी डोळ्यांत भरत नाही. तो शेवटी दिसतो. वरील उदाहरणात समतोल भार ८० मिलिग्रॅम आणि निम्मा भार होण्यास लागणारा काळ सुमारे १३.९ मिनिटे असे दोन्ही समीकरणांसाठी समान धरले, तर ६० मिनिटांनी पहिल्यानुसार भार ७६ मिलिग्रॅम आणि दुसऱ्यानुसार ६५ मिलिग्रॅम असेल. समतोल भाराच्या ९९ टक्के गाठण्यास पहिल्यानुसार सुमारे ९२ मिनिटे लागतील, तर दुसऱ्यानुसार जवळजवळ २३ तास. शुद्धीकरणाची टाकी किती मोठी बांधावी हे अशा आकड्यांवरून ठरत असल्यामुळे समीकरणाची निवड हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा प्रश्न राहत नाही.

वायूंच्या रासायनिक अधिशोषणासाठी एलोविच यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण वापरतात. त्यात पृष्ठभाग भरत जातो तसा वेग घातांकी रीतीने मंदावतो. रोगिन्स्की व झेल्डोविच यांनी १९३४ मध्ये मँगनीज डायऑक्साइडवरील कार्बन मोनॉक्साइडच्या संदर्भात याच स्वरूपाचे नाते मांडले होते. वेबर व मॉरिस यांनी १९६३ मध्ये भार आणि काळाचे वर्गमूळ यांचा आलेख काढण्याची पद्धत रूढ केली. हा आलेख आरंभबिंदूतून जाणारी एकच सरळ रेषा असेल, तर रंध्रांतील विसरण हाच वेगनियंत्रक टप्पा मानतात. प्रत्यक्षात बहुधा दोन-तीन उतारांची मोडलेली रेषा मिळते.

सरळ रेषेचा मोह

द्वितीय कोटीच्या समीकरणाचे समाकलन केल्यास 'काळ ÷ भार' आणि 'काळ' यांच्यात सरळरेषीय नाते येते. संगणक नसतानाही वापरता येईल अशी ही सोय आहे, परंतु तिच्यात मोठा दोष आहे. समतोल गाठल्यानंतर भार बदलत नाही. मग 'काळ ÷ भार' हे परिमाण काळाच्या प्रमाणात वाढणारच, क्रियेची यंत्रणा काहीही असो.

एक काल्पनिक मापन घेऊ. ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० मिनिटांना भार अनुक्रमे ७६, ८२, ७८, ८१ आणि ७९ मिलिग्रॅम आढळला. येथे समतोल आधीच आलेला आहे; चढउतार केवळ मापनातील त्रुटींचे आहेत. भार व काळ यांच्यात सरळ रेषा बसविल्यास सहसंबंधगुणकाचा वर्ग अवघा ०.११ येतो. याच आकड्यांतून 'काळ ÷ भार' काढून तो काळासमोर मांडला, तर तोच वर्ग ०.९९८ येतो. या आकड्यांत वेगाविषयी कसलीही माहिती नसताना आलेख मात्र उत्कृष्ट दिसतो. दोन्ही अक्षांवर काळ असल्याचा हा परिणाम आहे.

२०१६ मध्ये सिमोनिन यांनी समतोलाजवळील मापनांमुळे द्वितीय कोटीस अवाजवी झुकते माप मिळते हे दाखवून दिले. अशी मापने वगळावीत आणि मूळ भार-काळ वक्रावर अरेषीय पद्धतीने समीकरण बसवावे, हा यावरील उपाय होय. द्वितीय कोटीचे समीकरण चांगले जुळले म्हणून 'हे रासायनिक अधिशोषण आहे' असा निष्कर्ष काढण्याची प्रथाही निराधार आहे. लँगम्युअर यांच्या कल्पनेपासून आरंभ करून अझीझियान यांनी २००४ मध्ये दाखविले की आरंभीची संहती जास्त असता क्रिया प्रथम कोटीसारखी आणि कमी असता द्वितीय कोटीसारखी भासते. म्हणजे पदार्थांची तीच जोडी केवळ संहती बदलल्याने कोटी बदलू शकते. बंध रासायनिक आहे की नाही हे ठरविण्यासाठी वर्णपटीय पुरावा किंवा ऊष्मामापन लागते.

वेगावर परिणाम करणारे घटक

तापमान वाढविल्यास विसरण जलद होते आणि समतोल लवकर येतो. मात्र अधिशोषण बहुधा ऊष्मादायी असल्यामुळे समतोल भार घटतो; म्हणजे कमी माल, पण लवकर. द्रावणाची आम्लता पृष्ठभागावरील विद्युत भार बदलते. शून्य भाराच्या सामूपेक्षा अधिक सामूस पृष्ठभाग ऋण होतो आणि मिथिलिन ब्लूसारखी धनायनी रंगद्रव्ये ओढून घेतो. काँगो रेडसारख्या ऋणायनी रंगद्रव्यांना तो तेव्हा दूर सारतो. रंध्रांची रुंदीही निर्णायक असते. २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद रंध्रांना सूक्ष्मरंध्रे म्हणतात. मिथिलिन ब्लूचा रेणू सुमारे दीड नॅनोमीटर लांब असल्याने अशा रंध्रांत तो कष्टाने सरकतो, आणि त्याहून मोठे रेणू तेथे शिरतच नाहीत. म्हणून नायट्रोजन वायूने मोजलेले प्रचंड पृष्ठफळ रंगद्रव्याच्या वाट्याला पूर्ण येत नाही.

उसाचे चिपाड, भाताचे तूस, भुईमुगाची टरफले अशा शेतीतील उरलेल्या पदार्थांपासून अधिशोषक बनविण्यावर भारतात विपुल संशोधन झाले आहे. नारळाच्या करवंटीपासूनचा सक्रियित कोळसा तर व्यापारी प्रमाणावर तयार होतो. अशा पदार्थांची तुलना करताना केवळ महत्तम भार पाहणे पुरेसे नसते. तो भार किती वेळात मिळतो, आणि रंगाने भरलेल्या अधिशोषकाचे पुढे काय करायचे, हेही पाहावे लागते.

उपयोजन

वैद्यकात विषबाधा झालेल्या रुग्णास सक्रियित कोळशाची भुकटी पाण्यात मिसळून देतात. विष रक्तात शिरण्यापूर्वी कोळशाने ते धरावे लागत असल्यामुळे हा उपचार सामान्यतः विष पोटात गेल्यापासून तासाभराच्या आत सर्वाधिक परिणामकारक ठरतो. आम्ले, अल्कली, मद्यार्क, लोह व लिथियम यांच्या विषबाधेत मात्र तो उपयोगी पडत नाही. हा उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच केला जातो.

मोठ्या प्रमाणावरील जलशुद्धीकरणात कोळशाचे दाणे भरलेल्या स्तंभातून पाणी सोडतात. संपर्ककाळ काही मिनिटांपासून सुमारे अर्ध्या तासापर्यंत असतो, त्यामुळे दाण्यांच्या आतील भाग समतोलाला पोहोचत नाही. स्तंभातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील संहती काळासमोर मांडली असता इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र मिळतो. गतिकी जलद असेल तर हा वक्र उभा चढतो आणि स्तंभ जवळजवळ पूर्ण वापरला जातो. मंद असेल तर तो पसरट होतो आणि बराचसा कोळसा रिकामा असतानाच रंग बाहेर येऊ लागतो. अशा वक्राचे गणित बोहार्ट व ॲडम्स यांनी १९२० मध्ये कोळशाच्या स्तंभातून जाणाऱ्या क्लोरीन वायूसाठी मांडले, आणि आज तेच समीकरण रंगीत सांडपाण्याच्या स्तंभांसाठीही वापरले जाते. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रातील कोळशाच्या नळीलाही हाच नियम लागू होतो : पाण्याचा प्रवाह ठरविल्यापेक्षा वाढविला, तर नळी नवी असूनही गंध व रंग पूर्णपणे निघत नाहीत.