बाजाराच्या जागी वेदी
(झांजिबार बेटाची ओळख)

'सफर' हा शब्द आपल्या घरात नेहमीचा आहे. अरबी भाषेतून तो जसा आपल्याकडे आला, तसाच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेतही गेला, आणि तेथे त्याचे रूप 'सफारी' असे झाले. स्वाहिली माणूस बाजारहाटासाठी परगावी निघाला, तरी तो सफारीलाच निघतो. परदेशी पाहुण्यांनी मात्र या शब्दाला वनात जाऊन श्वापदे पाहणे एवढाच अर्थ उरू दिला आहे.

आज टांझानियात जाणाऱ्या प्रवाशांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी सेरेंगेटीच्या अफाट गवताळ माळावर सिंह, झेब्रे आणि रानम्हशी पाहाव्यात, न्गोरोन्गोरोच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या कुंडात उतरून हत्तींचे दर्शन घ्यावे, आणि मग धुळीने माखलेले अंग घेऊन झांजिबार बेटावर विश्रांतीस जावे. विमानाने हा पल्ला तास-दीड तासाचा. दारेसलामहून आगबोटीने गेल्यास सुमारे दोन तास लागतात. बेटावर पांढरी शुभ्र वाळू, नारळीची बने, निळेहिरवे पाणी आणि वाऱ्यावर येणारा लवंगांचा दरवळ. थकल्या जिवाला आणखी काय हवे?

परंतु हाच मार्ग, आधी अंतर्भाग आणि मग बेट, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी लाखो माणसांनी निराळ्या रीतीने आक्रमिला होता. त्या काळची सफारी म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अंतर्भागातील सरोवरांकडून तो महिनोन्‌महिने पायी चालत येई. खांद्यांवर हस्तिदंत असे, आणि पकडून आणलेल्या माणसांच्या मानेत जोखड किंवा साखळी असे. समुद्र प्रथम दिसे तो बागामोयो गावी. 'हृदय येथेच टाक' असा या नावाचा अर्थ सांगतात. थकलेल्या हमालाला तो 'येथे ओझे उतरव' असा वाटे. गुलामाला तो 'आता आशा सोड' असा वाटत असला पाहिजे. तेथून गलबतात भरून माणसे झांजिबारच्या बाजारात उभी केली जात. त्यांतील कित्येक बेटावरील लवंगांच्या मळ्यांतच राबून मेली, तर कित्येकांना अरबस्तानाकडे नेण्यात आले.

येथे आपणही मान खाली घातली पाहिजे. या तांड्यांना लागणारे भांडवल पुष्कळ अंशी झांजिबारमध्ये पेढ्या घालून बसलेल्या हिंदी व्यापाऱ्यांचे होते. मोठ्या प्रमाणात हस्तिदंत मुंबई बंदरात उतरे, आणि त्याचे चुडे पश्चिम हिंदुस्थानातील नववधूंच्या हातांत चढत. मंगल कार्यात किणकिणणाऱ्या त्या चुड्यामागे एका हत्तीचे मरण आणि एका माणसाची बेडी होती, हे त्या निष्पाप मुलीला कोण सांगणार? हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबविण्याचा निर्णय जगातील राष्ट्रांनी १९८९ मध्ये घेतला. न्गोरोन्गोरोत हत्ती पाहून जो बेटावर येतो, त्याने ही गोष्ट स्मरणात ठेवावी.

गोव्याशी या बेटाचे नाते त्याहून जुने आहे. सोळाव्या शतकात हा किनारा पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि येथील त्यांचा कारभार गोव्यातील व्हॉइसरॉयच्या हुकमतीखाली चाले. १६९८ मध्ये मोंबासाचा येशूचा किल्ला पडला आणि ओमानचे अरब या किनाऱ्याचे धनी झाले. झांजिबारच्या जुन्या शहरातील किल्ला त्यांनीच बांधला. पोर्तुगीजांचे एक लहान ख्रिस्तमंदिर जेथे होते, त्या जागी तो उभा आहे. त्याच्या आसपास पोवळ्याच्या दगडांची घरे, पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे आणि दोन माणसे जेमतेम जातील एवढ्या गल्ल्या आहेत. २००० पासून या शहराची गणना जागतिक वारशात होते. येथे मराठी माणसाचे कान सारखे टवकारतात, कारण दुकानाला 'दुका', बंदराला 'बंदारी', हिशेबाला 'हेसाबू', साबणाला 'साबुनी' आणि विम्याला 'बीमा' म्हणतात. मोसमी वाऱ्याने गलबते येत-जात, तसे शब्दही येत-जात.

आता १८७३ या वर्षाकडे वळू. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे इंग्लंडच्या वतीने गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठी झांजिबारला आले. सुलतान बर्गश यांनी प्रथम नकार दिला. अखेर आरमाराचा धाक पडला, तेव्हा ५ जून १८७३ रोजी त्यांनी करारावर सही केली आणि बाजार बंद झाला. या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे डेव्हिड लिव्हिंगस्टन त्यापूर्वी पाचच आठवडे, १ मे रोजी, दूर चितांबो गावी गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावले होते.

त्यांच्या सोबत्यांत जेकब वेनराइट नावाचा एक तरुण होता. लहानपणी तो गुलामांच्या गलबतातून सोडविला गेला होता, आणि त्याचे शिक्षण झाले होते आपल्या नाशिकला! सुटलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकच्या शरणपूर येथे प्रॉटेस्टंट मिशनने आश्रयस्थान उघडले होते. लिव्हिंगस्टन यांचे हृदय झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीच्या प्रार्थना याच जेकबने वाचल्या आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. नंतर सर्वांनी मिळून तो देह दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर खांद्यावरून किनाऱ्यास आणला. गुलामांचे तांडे ज्या बागामोयोत थांबत, तेथेच १८६८ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी सोडविलेल्या गुलामांसाठी वस्ती वसविली होती. फेब्रुवारी १८७४ मध्ये तो देह तेथील चर्चमध्ये विसावला आणि मग झांजिबारमार्गे इंग्लंडला गेला. जेकबही त्याच्यासोबत गेला.

बंद पडलेल्या बाजाराच्या जागी त्याच वर्षी नाताळच्या दिवशी अँग्लिकन ख्रिस्तमंदिराची पायाभरणी झाली. गुलामांना जेथे खांबाला बांधून फटके मारीत, नेमक्या त्या जागी मंदिराची वेदी आहे, असे सांगतात. तेथे फरशीत संगमरवराचे वर्तुळ आहे, आणि भोवतालचा तांबडा रंग सांडलेल्या रक्ताची आठवण देतो. लिव्हिंगस्टन यांचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, त्याच्या लाकडाचा एक साधा क्रूसही येथे आहे. बाहेर अंगणात खड्ड्यात उभ्या असलेल्या पाच माणसांचे शिल्प आहे. त्यांच्या गळ्यांतील साखळी खरीखुरी, त्या काळची आहे. बाजार बंद झाला तरी चोरटा व्यापार चालूच राहिला, आणि बेटावरील गुलामगिरी कायद्याने मिटण्यास १८९७ उजाडावे लागले.

येथून थोड्या अंतरावर फ्रेंच मिशनरींनी बांधलेले संत जोसेफ यांचे कॅथलिक कॅथीड्रल आहे. त्याला लोक 'मिनारा मिविली', म्हणजे दोन मिनारांचे, असे ओळखतात. या मंदिराच्या बाकांवर पुष्कळ वर्षे गोव्याची कुटुंबे बसत आली. कोणी कारकून, कोणी शिंपी, कोणी छायाचित्रकार, तर कोणी सुलतानाच्या बँडमध्ये वाजविणारे. १९६४ च्या क्रांतीनंतर त्यांतील बरीच मंडळी पांगली.

मग समुद्रकिनारा पाहूच नये काय? अवश्य पाहावा. विश्रांती हे देवाचेच दान आहे. पूर्वेकडील पाजे आणि जांबियानी येथे ओहोटीला समुद्र फार दूर जातो, आणि त्या उघड्या तळावर स्त्रिया कमरेत वाकून समुद्रशेवाळाची शेती करतात. प्रवाशाच्या विश्रांतीची वेळ हीच त्यांच्या श्रमाची वेळ. त्यांना विचारल्याविना छायाचित्र काढू नये, आणि बेटावरील बहुसंख्य लोक मुसलमान असल्याने गावातून अंग झाकून चालावे. पाहुण्याने यजमानाच्या घराची रीत पाळावी, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकविलेच आहे.

मात्र वाळूवर पाय पसरण्यापूर्वी त्या वेदीसमोर क्षणभर उभे राहावे. आपल्या विश्रांतीची जागा ही कोणाच्या तरी यातनांची जागा होती, हे कळल्याने विश्रांती कमी होत नाही. ती नम्र होते. आणि घरी परतल्यावर आपल्या मजुराकडे, आपल्या मोलकरणीकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, एवढे जरी आपण स्वतःला विचारले, तरी ती सफर सार्थकी लागली असे समजावे.