नाजूक अक्षराची जागा

लग्नपत्रिका ठरवायला गेलेल्या घरच्यांना संगणकावर एखादा नाजूक, तिरकस, हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट दिसला, की मन तिथेच अडकते. मग वधूवरांच्या नावांपासून कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत सगळी पत्रिका त्याच अक्षरात छापली जाते. आणि पत्ता वाचायला आजोबांना चष्मा पुसावा लागतो.

'कलम' हा अशा फॉन्टचा उत्तम नमुना. इंडियन टाइप फाउंड्रीने तो 2014 मध्ये आणला. त्यातली देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी रेखाटली, रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी. अक्षर बॉलपेनने किंवा स्केचपेनने भरभर लिहिल्यासारखे, रोजच्या वहीतले. तो मोफत आणि खुल्या परवान्याचा असल्याने कुणालाही वापरता येतो.

हाताने अक्षरे काढणे आणि फॉन्ट घडवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. अक्षरकार कमल शेडगे नाटकाचे शीर्षक काढत, ते त्या एका नाटकासाठी. फॉन्टमधल्या 'क'ला मात्र कुठल्याही शेजाऱ्याबरोबर नांदावे लागते: खाली उकार, डोक्यावर रफार, कधी अर्धे होऊन दुसऱ्या अक्षरात मिसळणे. म्हणूनच 'कलम'मध्ये 1,025 अक्षराकृती आहेत आणि त्यांत शेकडो जोडाक्षरे. इतकी मेहनत घेऊनही एक गोष्ट लपत नाही. 'मामा' लिहिले, की दोन्ही 'म' तंतोतंत सारखे उमटतात. माणसाचा हात असा कधीच लिहीत नाही. दोन ओळींत हे डोळ्याला कळत नाही, दोन पानांत मात्र खटकू लागते.

त्यामुळे हे अक्षर थोडक्या मजकुरातच खुलते. पत्रिकेवरची वधूवरांची नावे, कवितासंग्रहाची अर्पणपत्रिका, बालकथेतल्या मुलीने आजीला लिहिलेले पत्र, पाककृतीच्या पुस्तकात समासात दिलेली 'मीठ बेताने घाला' अशी सूचना: जिथे कुणीतरी आपल्याशी बोलते आहे असे वाटायला हवे, तिथे ते शोभते. आकार मोठा ठेवावा. ओळींमध्येही ऐसपैस जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

'कलम'चे तीन जाडीचे प्रकार आहेत. सर्वांत बारीक प्रकार पडद्यावर मोहक दिसतो, पण खडबडीत कागदावर रेघ तुटते आणि गडद रंगावर पांढरे अक्षर ठेवले तर भोवतीची शाई त्यात शिरते. तिथे मधला प्रकार बरा. वेळ, पत्ता, फोन नंबर यांना 'मुक्ता'सारखा सरळ, स्वच्छ फॉन्ट द्यावा. औषधाची मात्रा किंवा धोक्याची सूचना नाजूक अक्षरात कधीच छापू नये.

फॉन्ट पक्का करण्याआधी 'वऱ्हाड', 'शुभविवाह', 'कृपाभिलाषी' हे शब्द खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर छापून पाहा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का, तेही तपासा. ज्या फॉन्टला 'वऱ्हाड' नीट लिहिता येत नाही, तो मराठी पत्रिकेसाठी घेऊ नका.