फ्रॅटर्निटी, हॉस्टेल आणि पिलानीचं महाराष्ट्र मंडळ

हजीऱ्याच्या टाऊनशिपांमधली आपली मुलं बारावीपर्यंत ओळखीच्या काका-काकूंच्या नजरेखाली वाढतात. मग कुणी पिलानीला, कुणी पवईला, कुणी खरगपूरला जातं. काही पुढे अमेरिका-कॅनडा गाठतात. तिथे पहिल्याच महिन्यात प्रश्न पडतो, इथे आपली माणसं कोण? त्याचं उत्तर प्रत्येक कॅम्पसवर वेगळं मिळतं. आईवडिलांनी ते आधी समजून घेतलेलं बरं.

अमेरिकेत मुलांच्या फ्रॅटर्निट्या आणि मुलींच्या सोरोरिट्या असतात. त्यांना ग्रीक अक्षरांची नावं देण्याची प्रथा १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेल्या 'फाय बीटा कप्पा'पासूनची. आपल्या मंडळासारखी वर्गणी भरली की झालं सभासद, असं तिथे नाही. जुने सदस्य नव्यांना पारखतात, पसंत पडला तर बोलावतात आणि मग काही आठवडे उमेदवारी करून घेतात. खरा धोका याच काळात असतो. एमआयटीमध्ये १९९७ साली पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी फ्रॅटर्निटीत अति दारू पाजल्यामुळे दगावला. २००२ पासून तिथे पहिल्या वर्षी संस्थेच्याच वसतिगृहात राहावं लागतं. डार्टमथमध्ये पहिल्या वर्षी सदस्यच होता येत नाही, तरी पुढे निम्म्याहून अधिक मुलंमुली जातातच. विल्यम्स कॉलेजने साठच्या दशकात हा प्रकार बंद करायचं ठरवलं. टोरोंटो विद्यापीठ फ्रॅटर्निट्यांना मान्यताच देत नाही. पण त्यांची घरं कॅम्पसबाहेर आहेत, त्यामुळे 'विद्यापीठात नाहीत' म्हणून निर्धास्त राहू नये.

भारतीय वंशाच्या मुलांनी तिथे स्वतःच्याही संघटना काढल्या. मुलांची 'डेल्टा एप्सिलॉन साय' आणि मुलींची 'कप्पा फाय गॅमा', दोन्ही १९९८ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये सुरू झाल्या. परगावी गेल्यावर मंडळ का काढावंसं वाटतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण बिट्स पिलानीचं. तिथे प्रांतवार विद्यार्थी मंडळं आहेत. महाराष्ट्र मंडळ आहे, गुजराती विद्यार्थी मंडळ आहे, तमिळ, बंगाली, पंजाबी मुलांचीही आहेत. गणपती, गरबा, सिनियरांनी दिलेली पार्टी, जुनी पुस्तकं, पुढे नोकरीसाठी ओळख, असं पुष्कळ काही त्यातून मिळतं. आपल्या मुलांची गंमत अशी की घरात मराठी, शाळेत आणि बाजारात गुजराती. मग ती कुठल्या मंडळाची? माझं मत, दोन्हीकडे जावं. पण तिथे गेल्यावर कुणीतरी 'तू नक्की कुठला?' विचारणार, याची तयारी घरूनच असावी.

खरगपूरला भाषा मागे पडते, 'हॉल' पुढे येतो. कुठला हॉल हे संस्था ठरवते, पण दिवाळीला बांबूच्या चौकटींवर हजारो पणत्या लावून दुसऱ्या हॉलशी चुरस करताना मुलं त्याच हॉलसाठी जीव टाकतात. पवईच्या आयआयटीत हॉस्टेलचा नुसता नंबर हीच ओळख असते. इथे कुणी कुणाला निवडत नाही, म्हणून नाकारलं जाण्याचं दुःखही नाही. सुरतच्या एसव्हीएनआयटीत मात्र आपल्या मुलांची वेगळी अडचण. घरून ये-जा केली तर आईच्या हातचं जेवण मिळतं, पण रात्री अकरानंतर खोल्याखोल्यांतून जमणाऱ्या दोस्तीला ती मुकतात. जमत असेल तर निदान पहिलं वर्ष हॉस्टेलला ठेवावं.

हॉस्टेल म्हटलं की रॅगिंगची धास्ती आलीच, आणि ती खोटी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाटण जिल्ह्यातल्या धारपूरच्या मेडिकल कॉलेजात 'ओळख' करून घेताना तासन्‌तास उभं केलेला पहिल्या वर्षाचा मुलगा दगावला. पंधरा सिनियरांवर गुन्हा दाखल झाला. २००९ च्या यूजीसी नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांकडूनही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र घेतलं जातं. ते न वाचता सही करू नका. अमेरिकेत डिसेंबर २०२४ च्या कायद्यामुळे अशा छळात दोषी ठरलेल्या संघटनांची नावं कॉलेजांना जाहीर करावी लागतात, तीही बघून घ्या. आपल्याकडची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते. मुलांच्या फोनमध्ये नंबर आजच घालून ठेवा.