लाल दिवा लागला म्हणून केबलमध्ये डोकावू नका

शिरूर तालुक्यात भीमेकाठी असलेल्या मांडवगण फराटा परिसरात उसाचे मळे दूरवर पसरलेले आहेत. अशा बागायती भागात रस्त्याकडेला पाइपलाइनसाठी चर खणताना फायबर केबल तुटली, की वायफायच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकू लागतो. दिव्याजवळ ‘एलओएस’ अशी अक्षरे असतात. त्याचा अर्थ, प्रकाश पोहोचत नाही. घरात हा गैरसोयीचा विषय असतो. मात्र उपकेंद्रातून ‘ई-संजीवनी’वर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेणे सुरू असेल, तर रुग्णाचे बोलणेच मध्ये तुटते.

प्रकाश आला की नाही, हे ओळखतो डब्यातला ऑप्टिकल रिसीव्हर. त्याचा मुख्य भाग म्हणजे फोटोडायोड. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरमध्येही तोच असतो. बोटातून पार झालेला लाल आणि अवरक्त प्रकाश त्यावर पडतो, त्याची वीज होते आणि त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण काढले जाते.

फायबरच्या रिसीव्हरचे काम अधिक अवघड असते. केबलमधून येणारा प्रकाश सेकंदाला सुमारे अडीच अब्ज खुणा घेऊन येऊ शकतो. प्रत्येक खूण शून्य की एक, हे रिसीव्हरने ठरवायचे असते. वाटेत प्रकाश क्षीण होतो. एकच धागा अनेक घरांत वाटला जात असल्याने तो आणखी विभागला जातो. तरीही गावागावांत वापरल्या जाणाऱ्या यंत्रणेत सुमारे २ मायक्रोवॉट, म्हणजे एका वॉटच्या दहा लाख भागांपैकी दोन भाग एवढ्या प्रकाशावर हा रिसीव्हर काम करतो. आलेली नाजूक वीज तो आधी वाढवतो, मग गोंगाटातून खरी खूण निवडतो. प्रकाश याहून कमी झाला तर चुका वाढतात. तो फार जास्त झाला तरी रिसीव्हर गोंधळतो. जोडणीवर बसलेली धूळ किंवा केबलला पडलेला तीव्र बाकही नेट बंद पाडायला पुरेसा असतो.

डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. फायबरमध्ये मात्र १३१०, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. तो दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि बाहुलीही आकुंचन पावत नाही. म्हणजे डोळ्याचे नैसर्गिक संरक्षण कामच करत नाही. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो, म्हणून काही जण केबलचीही तशीच परीक्षा घेतात. ती फसवी आहे. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश जवळजवळ कळत नाही. म्हणूनच फायबरच्या रिसीव्हरमध्ये इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणाचा फोटोडायोड लागतो. कॅमेऱ्यात काही दिसले नाही, तर केबलमध्ये प्रकाश नाही असे समजू नये.

घरापर्यंत येणाऱ्या धाग्यातला प्रकाश सहसा फार कमी असतो. पण रस्त्यात तुटून पडलेली केबल कोणती, हे बाहेरून कळत नाही आणि मुख्य वाहिन्यांत तो बराच जास्त असू शकतो. त्यामुळे तुटक्या टोकात डोकावणे किंवा त्याकडे भिंगातून पाहणे टाळलेच पाहिजे. मुलांनाही हे बजावून सांगावे.

दुसरा धोका काचेचा. हा धागा जेमतेम ०.१२५ मिलिमीटर जाड असतो. त्याचे पारदर्शक तुकडे बोटात घुसतात आणि सहज सापडत नाहीत. डोळ्यात कण गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. केबल हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला किंवा जेवणाला लावू नयेत.

लाल दिवा लागला, तर केबलला हात न लावता तंत्रज्ञाला बोलवावे. प्रकाश मोजण्याचे उपकरण त्याच्याकडे असते.