बुलडॉग आणि घरातील तीन भाषा

कोकणात आपल्या वाडवडिलांच्या घरी कुत्रा असे, तो अंगणातला. त्याने उंबरठ्याच्या आत यावे अशी कोणाची अपेक्षा नसे, आणि त्याला काही शिकवावे असेही कोणाच्या मनात येत नसे. इस्राएलमध्ये मात्र आपल्या कुटुंबांतील कुत्रा थेट दिवाणखान्यात आला आहे, व काही घरी नातवंडांच्या हट्टाखातर चक्क बुलडॉग आला आहे. हौस नातवंडांची. ती शाळेत जातात, पुढे सैन्यात जातात, आणि दिवसभर त्या मुक्या जनावरापाशी राहते ती आजी! प्रस्तुत लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

बुलडॉगचा चेहरा पाहून पाहुणे बिचकतात. बैलावर कुत्रे सोडण्याच्या क्रूर खेळासाठी इंग्लंडात ही जात निपजली, हे खरे. परंतु १८३५ साली तो खेळ कायद्याने बंद झाला आणि पुढे पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचा उग्रपणा घालविला. आजचा बुलडॉग बहुधा शांत, माणसाळू आणि थोडा आळशी असतो. त्याच्यावर आरोप येतो तो मठ्ठपणाचा.

'मठ्ठ' हा शब्द शिक्षकाच्या कानाला चांगला परिचित आहे. वर्गात ज्या मुलाला मठ्ठ म्हणतात, त्याला पुष्कळदा प्रश्नच कळलेला नसतो. या प्राण्याचेही तसेच आहे. आजी 'बस' म्हणते, वडील 'सिट' म्हणतात, नातू 'शेव' म्हणतो. त्यातही आजीच्या 'बस'चे अर्थ दोन : खाली बस, आणि भुंकणे पुरे कर. हिब्रूत 'लो' म्हणजे नाही. पण मुंबईत वाढलेले आजोबा बिस्किट पुढे करून प्रेमाने 'लो, लो' म्हणतात. ज्या ध्वनीबरोबर सकाळी खाऊ मिळाला, त्याच ध्वनीबरोबर सायंकाळी तोंडातली चप्पल हिसकावली जाते. अशा शाळेत कोणता विद्यार्थी उत्तीर्ण होईल?

तेव्हा पहिला धडा कुत्र्याला नव्हे, तर घराला द्यावयाचा आहे. सर्वांनी एकत्र बसून पाच शब्द ठरवावेत व ते कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत. माझे मत विचाराल तर ते शब्द मराठी असावेत : बैस, थांब, ये, सोड, पुरे. जो अधिक वेळ जवळ असतो त्याची भाषा शिष्याला लवकर कळते. आणि त्या निमित्ताने नातवंडांच्या तोंडी पाच मराठी शब्द रुळले तर कोणाचे काही बिघडत नाही. डॉ. रुडॉल्फिना मेन्झेल या ज्यू विदुषी १९३८ साली या देशात आल्या आणि येथील कनानी कुत्र्याची जात त्यांनी नावारूपाला आणली. त्याआधी ऑस्ट्रियात असतानाच त्या आपल्या कुत्र्यांना हिब्रूतून आज्ञा देत. ऑस्ट्रियात हिब्रू चालली, तर इस्राएलात मराठी का चालू नये?

शिकविण्याची रीत सोपी आहे. खाऊचा बारीक तुकडा नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर गेली की पार्श्वभाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणीच तुकडा द्यावा, उशिरा नव्हे. ही हालचाल अंगवळणी पडली की तिच्या आधी 'बैस' म्हणावे. अध्यापन विद्यालयात आपण थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम पाठ केला, तो हाच. पाठ तीन-चार मिनिटांचा असावा. ओरडू नये, रागावलेल्या माणसापुढे बुलडॉग फतकल मारून बसतो व जणू बहिरा होतो. खाऊ रोजच्या अन्नातून वजा करावा, कारण ही जात फार लवकर सुटते आणि वाढलेली चरबी तिच्या श्वासावरच उठते.

'थांब' हा शब्द जिन्यावर पक्का करावा. पूर्ण वाढलेला नर सुमारे पंचवीस किलोंचा असतो. त्याने एक हिसका दिला तर सत्तरीतल्या बाईचा तोल जाणारच. प्रत्येक मजल्यावर थांबावे, शाबासकी द्यावी, मग उतरावे. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधावी, म्हणजे श्वासनलिकेवर ताण येत नाही.

श्वासाची गोष्ट या देशात जिवाची आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. आखूड नाकाच्या बुलडॉगला ते नीट साधत नाही. खमसीनच्या दिवसांत फिरणे व शिकणे पहाटे किंवा रात्रीच व्हावे. श्वासाला घरघर लागली, लाळ चिकट झाली, जीभ काळपट-निळी दिसू लागली, तर पाठ तेथेच सोडावा. सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा व त्वरित पशुवैद्य गाठावा. समुद्रावर नेल्यास पाण्यात सोडू नये. जड डोके व आखूड पाय यांमुळे तो बहुधा बुडतोच.

जुन्या पुस्तकांत एक सल्ला आढळे : धन्याने आधी जेवावे, कुत्र्याला मागाहून द्यावे, म्हणजे तो वचकून राहतो. आजचे जाणकार हे मानीत नाहीत, आणि आपल्या शास्त्राने तर ते कधीच मानले नव्हते. तालमूदच्या बेराखोथ भागात सांगितले आहे की, जनावरांना घातल्यावाचून आपण जेवू नये. शब्बाथच्या रात्री किद्दूशपूर्वी त्याची वाटी भरावी. पोट भरलेला कुत्रा टेबलाशी कमी घुटमळतो.

मलिद्याच्या दिवशी मात्र विशेष जपावे. पोहे-खोबऱ्यात मनुका असतात, आणि मनुका व द्राक्षे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. कांदा-लसणाचा रस्साही त्याला वर्ज्य. ताट उंचावर ठेवावे, लहान मुलांना आधी बजावावे, आणि 'सोड' हा शब्द त्या दिवसापूर्वीच घोटून घ्यावा. तरीही मनुका पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला तत्काळ फोन करावा.